कॅनबेराच्या मागावर पाच दिवस: हेंडन ते वॉर्टन

कॅनबेरा हे ब्रिटिश जेट बाँबफेकी विमान एकदा पाहिले की कळले, असे होत नाही. बाहेरून सगळ्या बहिणी सारख्या: मध्ये नळकांड्यासारखे धड, दोन्ही बाजूंना रुंद, आखूड पंख आणि पंखांत रुतवलेले एकेक इंजिन. फरक सगळा नाकाकडे आहे. मार्ग आखणारा नेव्हिगेटर कुठे बसतो आणि वेळ आली तर तिथून बाहेर कसा पडतो, हे प्रत्येक आवृत्तीत वेगळे. भारताने जानेवारी १९५७ मध्ये मागणी नोंदवली ती ५४ बी(आय)५८ (बाँबफेकी), ८ पीआर.५७ (छायाचित्र टेहळणीची) आणि ६ प्रशिक्षण विमानांची, म्हणजे एकूण ६८. त्यातल्या पुण्याच्या लोहगावहून उडणाऱ्या बी(आय)५८ मध्ये नेव्हिगेटरची जागा सगळ्यांत वाईट होती. ती का आणि कशी, हे पाहायचे तर तीन नाके क्रमाने पाहावी लागतात. पुढचा मार्ग त्या हिशेबाने आखला आहे: लंडनहून सुरुवात, प्रेस्टनला शेवट, सगळा प्रवास रेल्वेने.

सोबत हवे ते थोडेच. खिशात मावणारी विजेरी, कारण चाकांच्या खोबणीत आणि बाँबच्या कप्प्यात काळोख असतो. गरम कपडे, कारण हँगर उन्हाळ्यातही गार असतात. आणि निघण्याआधी प्रत्येक संग्रहालयाला एक ईमेल: विमान आहे त्याच दालनात आहे ना, डागडुजीसाठी झाकलेले नाही ना, आणि कॉकपिट उघडण्याचा दिवस कोणता. संग्रहालये विमाने हलवत असतात. हे न विचारता गेले तर ताडपत्रीचे फोटो घेऊन परतावे लागते.

पहिला दिवस: हेंडन

नॉर्दर्न लाइनने कॉलिनडेल, तिथून दहा-बारा मिनिटे चालत रॉयल एअर फोर्स म्युझियम. प्रवेश फुकट. इथली कॅनबेरा पीआर.३, क्रमांक डब्ल्यूई १३९. ऑक्टोबर १९५३ मध्ये लंडन ते न्यूझीलंडमधले क्राइस्टचर्च ही हवाई शर्यत जिंकली ती हिने. जवळपास १२,२७० मैल, २३ तास ५१ मिनिटांत. वाटेत इराकमधले शाइबा, सिलोनमधले नेगोम्बो, कोकोस बेटे आणि पर्थ इथे इंधन भरले. बाँब टाकण्यासाठी आखलेले विमान छायाचित्रांसाठी वापरायचे म्हणून धड १४ इंचांनी लांबवले, कॅमेरे आणि जादा इंधन बसवले, की पीआर.३ झाली. बाकी हाडे तीच.

इथे पंख निवांत पाहून घ्यावेत. टोकापासून टोकापर्यंत ६४ फूट, म्हणजे साडेएकोणीस मीटर. क्षेत्रफळ ९६० चौरस फूट. त्या काळात जर्मन संशोधन हाती आल्यावर जो तो मागे झुकवलेल्या पंखांच्या मागे लागला होता. इथे पंख जवळपास सरळ. त्यामागे अडाणीपणा नव्हता, हिशेब होता. या विमानाला ध्वनीचा वेग ओलांडायचा नव्हता, उंच जायचे होते. विरळ हवेत तरंगायचे तर वजनाच्या मानाने पंख मोठा हवा. मोठा आणि साधा पंख दिला की ४८,००० फुटांवरही विमान नीट वळते, आणि तेव्हाची लढाऊ विमाने तिथवर पोचताना धापा टाकत. स्वतःच्या बचावाला एकही तोफ नाही. उंची आणि वेग हेच चिलखत, हा विचार दुसऱ्या महायुद्धातल्या लाकडी मॉस्किटोकडून आला.

मग इंजिनाच्या तोंडाशी जावे. मधोमध बंदुकीच्या गोळीसारखा निमुळता टोप दिसतो. रोल्स-रॉइस एव्हनचा स्टार्टर त्याच्या आत. या इंजिनांना सुरू व्हायला बाहेरची गाडी लागत नाही, काडतूस लागते. कारागीर टोपातले झाकण काढून काडतूस बसवतो, झाकण घट्ट करतो आणि बाजूला होतो. वैमानिकाने कळ दाबली की काडतुसातला वायू छोट्या टर्बाइनवर आदळतो, इंजिन फिरू लागते आणि काळा धूर फुसकन बाहेर येतो. काडतूस पेटले नाही तर झाकण लगेच उघडायचे नाही, ठरलेली मिनिटे थांबायचे. दारू उशिरा पेटली तर समोर उभ्या माणसाचा चेहरा जातो. सुरुवातीच्या इंजिनांत एकच काडतूस मावे, म्हणजे फसले की पुन्हा भरा. पुढच्या एव्हनमध्ये तीन घरे आली, तीन प्रयत्न एका दमात.

निघताना शेपटीचा एक फोटो बाजूने काढावा, सुकाणूचे, म्हणजे उभ्या शेपटीच्या हलत्या भागाचे, वरचे टोक स्पष्ट येईल असा. तो पाचव्या दिवशी लागतो.

दुसरा दिवस: डक्सफर्ड

लिव्हरपूल स्ट्रीटहून केंब्रिजच्या गाडीने व्हिटल्सफर्ड पार्कवे. तिथून संग्रहालय तीनेक किलोमीटर. टॅक्सी आधी सांगून ठेवलेली बरी, स्टेशनाबाहेर रांग लावून उभ्या नसतात. तिकीट आहे आणि स्वस्त नाही. पण एअरस्पेस नावाच्या भल्यामोठ्या दालनात लँकेस्टर, व्हल्कन आणि मध्ये कॅनबेरा असे एका छताखाली पाहायला मिळते. पंधरा वर्षांच्या आतबाहेर बाँबफेकी विमान कुठून कुठे गेले, ते तिथे उभ्या उभ्या समजते.

इथली डब्ल्यूएच ७२५ ही बी.२. रॉयल एअर फोर्सने बाँब टाकायला आधी वापरली ती आवृत्ती. पहिली तुकडी बिनब्रुकची १०१ क्रमांकाची, मे १९५१. मूळ बेत दोघांचा होता: वैमानिक आणि रडारवर बाँब टाकणारा नेव्हिगेटर. रडार वेळेत तयार झाले नाही. म्हणून नाकाला काच बसवली, डोळ्यांनी नेम धरायची सोय केली आणि तिसरा माणूस घेतला. उजव्या बाजूचे छोटे दार हाच आत जायचा रस्ता. वैमानिक काचेच्या घुमटाखाली डावीकडे, बाकीचे दोघे त्याच्या मागे शेजारी शेजारी, अंधाऱ्या कोनाड्यात. समोरचे काही दिसत नाही. तिघांनाही इजेक्शन सीट, म्हणजे माणसासकट विमानाबाहेर उडणारी, आणि मागच्या दोघांच्या डोक्यावरचे झाकण स्फोटाने उडते.

वरवर पाहता सगळे ठीक. आता खाली वाकून नाकातून आत विजेरी मारावी. नेम धरणाऱ्याला पोटावर पालथे पडायची जागा तिथे आहे. म्हणजे बाँब टाकायच्या आधी तो पट्टे सोडून सीटवरून उठणार, वैमानिकाच्या बाजूने पुढे सरपटत जाणार आणि पालथा पडणार. खालून तोफांचा मारा होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते ती नेमक्या त्या मिनिटांत, आणि तेव्हाच तो सीटवर नसतो. विमान गडगडू लागले तर उलटे सरपटत मागे येणे जवळपास अशक्य.

नेम धरायला जी-एच नावाची रेडिओ यंत्रणाही होती, पण ती जमिनीवरच्या केंद्रांवर चाले. १९५६ मध्ये सुएझच्या वेळी मध्यपूर्वेत तशी केंद्रे नव्हती. अत्याधुनिक जेट विमाने सायप्रस आणि माल्टाहून निघाली आणि महायुद्धातल्यासारखी खुणेचे दिवे टाकून, डोळ्यांनी नेम धरत बाँब टाकू लागली.

बी.२ चे दोन दुर्गुण हिच्याच अंगावर दाखवता येतात. पहिला शेपटीत. आडवी शेपटी अख्खीच्या अख्खी कोन बदलते, विजेच्या मोटरने, वैमानिकाच्या अंगठ्याखालच्या बटणावर. बटण किंवा रिले चिकटला तर मोटर थांबत नाही आणि शेपटी टोकापर्यंत फिरते. वेग जास्त असला तर नाक खाली जाते आणि दोन्ही हातांनी दांडा ओढूनही वर येत नाही, कारण या आवृत्तीत हायड्रॉलिकची मदत नाही, सगळे मनगटावर. सुरुवातीच्या वर्षांत यामुळे बरेच अपघात झाले. उपाय साधा निघाला: मोटरच्या फिरण्याला मर्यादा, आणि दुहेरी बटण, म्हणजे एक चिकटले तरी प्रवाह तुटतो. दुसरा दुर्गुण इंजिनांच्या अंतरात. प्रत्येकी ६,५०० पौंडांचा जोर, आणि इंजिने धडापासून लांब. जमीन सुटते त्या वेगाला एक बंद पडले तर दुसरे विमानाला उलटे पाडते. पायाने सुकाणू रेटून सरळ ठेवता येईल इतका वेग यायला आणखी काही सेकंद लागतात. त्या सेकंदांत चालू इंजिनाचा जोर लगेच कमी करायचा, मनाविरुद्ध. हे शिकवताना जितकी माणसे गेली तितकी खरोखर इंजिन बंद पडून गेली नसतील, असे जुने लोक म्हणत.

पंखाखाली उभे राहून वर पाहिले तर बोटांसारख्या फटींची रांग दिसते. हवेत वेग मारायचे ब्रेक तिथून बाहेर येतात. उतरताना पंखाच्या मागच्या कडेला खाली येणाऱ्या फ्लॅपना मधली अवस्थाच नाही: एक तर वर, नाही तर पूर्ण खाली.

तिसरा दिवस: न्यूआर्क

किंग्ज क्रॉसहून न्यूआर्क नॉर्थ गेट, सव्वा ते दीड तास. संग्रहालय गावाबाहेर, विन्थॉर्पच्या जुन्या विमानतळावर. चालत जायचा विचार करू नये, वाटेत मोठा रस्ता लागतो. पूर्ण दिवस द्यावा. या सहलीतले सगळ्यांत महत्त्वाचे विमान इथे आहे आणि कौतुक त्याचे सगळ्यांत कमी.

डब्ल्यूव्ही ७८७ जन्माने बी.२. तिच्यावर आधी सॅफायर इंजिनांच्या चाचण्या झाल्या, मग बी(आय)८ चे नाक बसवले, आणि शेवटी पाण्याचे फवारे सोडून मागून येणाऱ्या विमानांवर बर्फ कसा साचतो ते पाहायचे काम दिले. आपल्याला हवे ते नाक. भारताच्या बी(आय)५८ चे नाक हेच.

घुमट गेला. त्याच्या जागी लढाऊ विमानासारखा लांबट काचेचा फुगा आला, तोही मधोमध नाही, डावीकडे सरकवलेला. समोरून पाहिले तर विमान तिरळे वाटते. असे का केले? बी(आय)८ चे काम बदलले होते. रात्री खालून, म्हणजे कमी उंचीवरून, जाऊन मारा करायचा, पोटाखाली चार २० मिलिमीटर हिस्पानो तोफांचे खोके बसवायचे, प्रत्येक तोफेला ५०० गोळ्या. खालून उडायचे तर वैमानिकाला चौफेर दिसायला हवे. नेव्हिगेटरला आता मागच्या कोनाड्यात ठेवण्यात अर्थ नव्हता, त्यालाही जमीन दिसायला हवी. म्हणून तो पुढे नाकात गेला. बाजूला तोंड करून नकाशाच्या टेबलाशी बसायचे, नेम धरताना पालथे पडायचे. या आवृत्तीचा नमुना जुलै १९५४ मध्ये उडाला, आणि तो केला होता व्हीएक्स १८५ मधून. याच विमानाने २६ ऑगस्ट १९५२ ला एका दिवसात अटलांटिक पार करून परतफेरीही केली होती, दहा तासांच्या आसपास.

आता दार उघडे असेल तर आत वाकून पाहावे, नसेल तर बाहेरून अंदाज घ्यावा. वैमानिकाला इजेक्शन सीट आहे. नेव्हिगेटरला नाही. त्याच्या डोक्यावर वैमानिकाच्या पायाशी येणारा सांगाडा आहे, सीट उडवायला वाटच नाही. त्याने काय करायचे? हवाई छत्री छातीवर अडकवायची, उजव्या दारापर्यंत पोचायचे, दार टाकून द्यायचे आणि उडी मारायची. हे सगळे विमान सरळ उडत असेल आणि उंची शिल्लक असेल तरच. बी(आय)५८ खालून उडण्यासाठी घेतलेले विमान होते. वाक्य पुन्हा वाचावे लागत नाही.

हिशेब भारतीय नोंदींतच सापडतो. १० एप्रिल १९५९ ला टेहळणीवरची एक पीआर.५७ पाकिस्तानच्या सेबर विमानाने रावळपिंडीजवळ पाडली. तिच्यात दोघांनाही इजेक्शन सीट होत्या. दोघेही जखमी झाले, पकडले गेले, पण वाचले. २१ सप्टेंबर १९६५ च्या रात्री एक बी(आय)५८ पाकिस्तानच्या स्टारफायटर विमानाने पाडली. वैमानिक सीटसकट बाहेर पडला आणि युद्धकैदी झाला. नेव्हिगेटर विमानाबरोबर गेला.

मराठी वाचकाला या नाकाची आणखी एक ओळख आहे. १८ डिसेंबर १९६१ ला सकाळी पुण्याहून बारा कॅनबेरा विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली निघाल्या आणि गोव्यातल्या दाबोळीच्या धावपट्टीवर ६३,००० पौंड बाँब टाकून आल्या. अंतर सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटर, कॅनबेराला अर्ध्या तासाचे काम. विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्यासह आठ विमानांची दुसरी फेरी त्याच धावपट्टीवर गेली. टर्मिनलच्या इमारतीला धक्का लावायचा नव्हता, आणि लागला नाही. धावपट्टी मात्र कायमची निकामी झाली नाही. पोर्तुगीजांनी खड्ड्यांमधून वाट काढली आणि त्या रात्री दोन प्रवासी विमाने तिथून निसटली. १,००० पौंडी बाँबने पडलेला खड्डा काही तासांत बुजवता येतो. धावपट्टी बंद ठेवायची तर बुजवायला येणाऱ्यांनाही अडवावे लागते, आणि ती वेगळी हत्यारे नंतर आली. गोव्याला उतरणारे बरेच प्रवासी आजही त्याच दाबोळीवर चाके टेकवतात.

बी(आय)५८ मधला आणखी एक ताप इंग्लंडच्या हवेत लक्षात येत नाही. काचेचा फुगा उघडत नाही, आत जायला तेच एक दार. उत्तर भारतात मे महिन्यात उन्हात उभ्या विमानात इंजिने सुरू होईपर्यंत बसणे म्हणजे प्रेशर कुकरमध्ये बसणे.

चौथा दिवस: कॉसफर्ड

न्यूआर्कहून नॉटिंगहॅम, बर्मिंगहॅम, वुल्व्हरहॅम्प्टन अशा गाड्या बदलत कॉसफर्ड. निम्मा दिवस प्रवासात जातो. स्टेशनहून संग्रहालय चालत दहा मिनिटे, प्रवेश इथेही फुकट.

एक्सएच १७१ ही पीआर.९. बेलफास्टच्या शॉर्ट ब्रदर्सनी अशा फक्त २३ बांधल्या. पंख ६७ फूट १० इंचांवर गेला, मधल्या भागात रुंदीही वाढली. एव्हनचा जोर बी.२ च्या दीडपटीच्या वर. काडतुसे गेली, त्यांच्या जागी आयसोप्रोपिल नायट्रेट हे द्रव इंधन आले. ते हवेवाचूनही जळते, त्यामुळे गळती झाली तर आग विझवणे अवघड.

इथेही फुगा डावीकडे आहे आणि नेव्हिगेटर नाकात. पण नाकाभोवती फिरून सांधा शोधावा. अख्खे नाक बिजागरीवर दरवाजासारखे बाजूला वळते. नेव्हिगेटर त्यातून आत जातो, बसतो, आणि बाहेरचे लोक नाक बंद करतात. समोर काच नाही, बाजूला छोट्या खिडक्या. डोक्यावर फुटणारे झाकण आणि खाली स्वतःची इजेक्शन सीट. बंदिस्त पेटीत बसण्याची तक्रार करणारे असतील. न्यूआर्कची जागा पाहून आलेल्याने करू नये.

ही आवृत्ती मार्हमच्या ३९ क्रमांकाच्या तुकडीत जुलै २००६ पर्यंत उडाली, शेवटी अफगाणिस्तानवर. भारताने ११ मे २००७ ला आग्र्याला आपल्या कॅनबेरा थांबवल्या, म्हणजे ब्रिटनच्याही नंतर.

पाचवा दिवस: प्रेस्टन आणि वॉर्टन

इथे संग्रहालय नाही, फक्त जागा. प्रेस्टन स्टेशनातून बाहेर पडले की कॉर्पोरेशन स्ट्रीट जवळच. युद्ध संपत असताना याच रस्त्यावरच्या एका मोटार गॅरेजमध्ये कॅनबेरा आखणाऱ्या इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीच्या आराखडा विभागाचे लोक टेबले मांडून बसले. वेस्टलँड या विमान कंपनीतून १९४४ मध्ये आलेले टेडी पेटर त्यांचे प्रमुख. कंपनी ट्रॅम, विजेच्या मोटारी आणि दुसऱ्यांनी आखलेली विमाने बांधणारी. स्वतःचे विमान आखण्याचा अनुभव जवळपास नाही. ७ जानेवारी १९४६ ला चार नमुन्यांची मागणी आली. पेटर १९५० मध्ये भांडून निघाले, फॉलंड कंपनीत गेले आणि तिथे नॅट हे छोटे लढाऊ विमान आखले. १९६५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या एका टोकाला कॅनबेरा आणि दुसऱ्या टोकाला नॅट, दोन्हींची मूळ रेघ एकाच माणसाची.

स्ट्रँड रोडवरच्या कारखान्यात भाग बनत, सॅमल्सबरीला विमाने जोडली जात, आणि पहिला नमुना उडाला तो वॉर्टनहून. लिदमकडे जाणारी बस वॉर्टन गावातून जाते. विमानतळ आजही लष्करी विमानांच्या कंपनीचा आहे. आत प्रवेश नाही. कुंपणाबाहेरच्या सार्वजनिक वाटेवरूनच पाहायचे, पाटी असेल तिथे कॅमेरा बंद.

१३ मे १९४९, शुक्रवार. निळ्या रंगातले पहिले विमान, व्हीएन ७९९, चाचणी-वैमानिक रोलंड बीमाँटनी या धावपट्टीवरून उचलले. तेव्हा त्याला कॅनबेरा नाव नव्हते. ते जानेवारी १९५१ मध्ये ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान मेन्झीस यांनी बिगिन हिलला दिले. विमान सरळ उडाले, इंजिने नीट चालली. गडबड एकच. पाय सुकाणूवर हलका ठेवला तरी सुकाणू स्वतःहून पुढे जायला पाहत होते. पायाचा जोर कमी लागावा म्हणून सुकाणूच्या वरच्या टोकाला बिजागरीच्या पुढे आलेला जो तुकडा असतो, तो गरजेपेक्षा मोठा झाला होता. हवा त्यालाच ढकलत होती आणि तो सुकाणूला. उतरल्यावर तो गोलसर तुकडा वरून छाटला.

हेंडनला काढलेला शेपटीचा फोटो आता मोठा करून पाहावा. सुकाणूचे टोक गोल नाही, वरून सपाट कापलेले आहे.